उजव्या कानाचा विटाळ

हे मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. देवस्थानाच्या विश्वस्तांना नाही, ज्यांना संहिता शिकवली त्या शिष्यांना नाही. आणि जिच्यापुढे रोज संकल्प सोडतो त्या देवीपुढेही हे शब्दांत कधी उच्चारले नाही. तिला ठाऊकच आहे, असे मनाशी म्हणत मी सुटत आलो. तुम्हाला सांगतो आहे. का, ते शेवटी सांगेन. तेही काही बरे नाही.

आचमनाला पाणी जवळ नसेल तर उजव्या कानाला हात लावावा, एवढी शुद्धी पुरते — हे मी अनेकांना शिकवले. त्या कानात तीर्थे वसतात, अशी आमची धारणा. शौचाला जाताना जानवे त्याच कानावर ठेवायचे, ते याच कारणाने. शरीराचा एवढासा भाग, पण किती जपलेला! आणि मी त्या कानाचे काय केले? आता हात वर जातो आणि अर्ध्यावर थांबतो. कोणी पाहत असेल तर मी तो कसाबसा कानापर्यंत नेतो. पाहत नसेल तर खाली घेतो. शिळ्या अन्नाला बुरशी धरलेली दिसावी आणि बोट मागे यावे, तसे होते.

आमचे देवस्थान खर्ड्याच्या बाजूला आहे. पाऊस कमी, माळ मोठा. दिवाळी झाली की गावातली निम्मी घरे कुलूप लावून ऊसतोडीला जातात — कोपरगावकडे, गोदावरीच्या काठच्या मळ्यांत — आणि गुढीपाडव्याच्या सुमारास परततात. तिकडे जन्मलेल्या मुलाच्या नावाचे अक्षर, मोडलेल्या सोयरिकीची विचारणा, नव्या कामाचा दिवस, हे सारे ती माणसे मला दूरध्वनीवरून विचारत. पूर्वी एकच फोन होता. पुढे कार्यालय, स्वयंपाकघर, भक्तनिवास आणि माझी खोली, अशा सगळीकडे जोडण्या घ्यायच्या ठरल्या, आणि नगरहून एक तंत्रज्ञ छोटी पेटी घेऊन आला. तिला गेटवे म्हणतात. आमचे साधे फोन तिला जोडायचे आणि बोलणे इंटरनेटवरून जायचे.

अभिषेकाच्या तारखांवरून एकदा दोन घरांत भांडण झाले होते. म्हणून विश्वस्तांनी बोलणे ध्वनिमुद्रित करायचे ठरवले. त्यात वावगे काही नव्हते. पेटीत जागा थोडी, तेव्हा मुद्रणे दूरच्या एका सर्व्हरवर साठवावी लागतील, असे तंत्रज्ञ म्हणाला. तो पडद्यावर एकेक रकाना दाखवत होता, मी सांगत होतो. फोल्डरचे नाव काय? मी म्हटले, ‘सेवा’. मुद्रण केव्हापासून? फोन लागल्यापासून.

“होल्डवरचं वगळू ना, गुरुजी?” त्याने विचारले. “माणसं आपसात बोलत असतात तेव्हा. घरगुती असतं.”

मी म्हटले, असू द्या.

असू द्या! तेव्हा मनात काय होते? काहीच नव्हते, असे मी पुष्कळ काळ स्वतःला सांगितले. पण मग पासवर्डाचा रकाना आला तेव्हा मी त्याला बाजूला का बसवले? मी स्वतः टंकले. जे नाव मी जपतो, तेच नाव. दुसरे सुचले नाही, असे नाही. ते नाव पवित्र, म्हणून कुलूप भक्कम, असा काहीसा विचार होता. पुढे प्रत्येक वेळी दुसऱ्याच्या घरातले बोलणे उघडण्यासाठी मी तेच नाव टंकत गेलो. जप मोजायला माळ असते. हे मोजायला काही नव्हते, ते एका अर्थी बरेच झाले.

आणखी एक. तंत्रज्ञ म्हणाला, बोलणे मुद्रित होते आहे याची सूचना सुरुवातीला ऐकवावी लागते. साध्या मराठीत एक वाक्य. मला ते रुक्ष वाटले. होल्डवर माझ्या आवाजातले देवीचे स्तोत्र लागणार, त्याच्या आधी हे कचेरीतले वाक्य? मी सूचना संस्कृतात रचली. अनुष्टुभात, निर्दोष. स्तोत्राच्या आधी त्याच चालीत म्हटली. उसाच्या फडात उभ्या असलेल्या बायकांनी ती ऐकली आणि देवीचे नाव समजून हात जोडले असतील. मी सूचना दिली होती. हे विधान आजही खरे आहे. इतकी घाण एवढ्या शुद्ध व्याकरणात मावते, हे मला तोवर माहीत नव्हते.

पहिल्यांदा ऐकले ते एका तारखेची खात्री करायला. दुपारी सगळे आडवे झाले होते. मी खोलीतल्या संगणकावर ते मुद्रण उघडले, कानाला यंत्र लावले, आणि होल्डचा भाग आधी लागला. जामखेडकडची एक बाई आपल्या बहिणीशी जावयाच्या दुखण्याबद्दल हळू आवाजात बोलत होती. मला ती काही सांगणार नव्हती. मुहूर्त तेवढा हवा होता. पुढच्या आठवड्यात ती दर्शनाला आली तेव्हा तीर्थ देताना मी सहज म्हटले, “जावयाची काळजी करू नका, बाई. उतार पडेल.”

तिने माझ्याकडे पाहिले. मग पायांवर डोके ठेवले आणि मोठ्याने रडली. मंडपातली माणसे उभी राहिली. मी खोटे काय बोललो? एक अक्षरही नाही. मला कसे कळले, हे तिने विचारले नाही आणि मी सांगितले नाही. त्या दिवशी नैवेद्याचा भात मला नेहमीपेक्षा गोड लागला. हेच आठवून आता तोंडात पाणी सुटते, ते ओकारीपूर्वीचे.

मग मी रोज दुपारी ऐकू लागलो. गुरुजींना अंतर्ज्ञान झाले आहे, असे माणसे बोलू लागली. मी नाही म्हटले नाही, हो म्हटले नाही. डोळे मिटत असे. डोळे मिटण्याइतके स्वस्त सोंग जगात दुसरे नसेल.

आता भानुदास आबांकडे येतो. इतका वेळ त्यांच्याभोवतीच फिरतो आहे.

भानुदास आबा म्हणजे गावातले एक वृद्ध शेतकरी. पत्नी वारलेली. एकुलता मुलगा गहिनीनाथ आणि सून मंदा दरवर्षी तोडीला जात. आबा मागे घर राखत. दुपारी मंडपात येऊन बसायचे, तंबाखू मळायचे, आणि देवीच्या दारात थुंकायचे नाही म्हणून ती नुसतीच मळत राहायचे. बोलणे थोडे. एक प्रश्न मात्र ठरलेला — “पोरगं कधी येईल, गुरुजी?” त्याला उत्तर नको असे. पाडव्याला येईल, हे त्यांनाही माहीत होते. विचारण्यात सुख होते.

एके सकाळी गहिनीनाथाचा फोन आला. नव्या जागी चूल मांडायला चांगला दिवस कोणता, असे त्याने विचारले. कोणाची चूल, ते सांगितले नाही. अभिषेक चालू होता, म्हणून मी त्याला बराच वेळ थांबवून ठेवले. मग पंचांग पाहून गुरुवार सांगितला. दुपारी जेवण झाल्यावर खोलीत गेलो, ते नाव टंकले आणि ऐकायला बसलो.

“आबाला एवढ्यात काय बोलू नगंस,” गहिनीनाथ म्हणत होता.

“मी कशाला बोलतीय? तुमच्याच पोटात काय ऱ्हात न्हाई,” मंदा म्हणाली. “पर सांगावं तर लागंल ना कवातरी.”

“सांगू. आता गावाकडं हाय काय आपलं? उन्हाळ्यात प्यायला पानी न्हाई. हितं नर्सरीवाला कायमचं ठेवतो म्हनतोय. चूल हितंच मांडायची, नदीच्या कडंला. ठरलं म्हंजी ठरलं.”

थोडा वेळ नुसते स्तोत्र. मग मंदा — “कवाचं चाललंय हे! म्हातारं नाकात म्हनतंय बघा. सर्दी झालीय जनू.”

“गप. पाप लागंल,” तो म्हणाला. आणि मग हसू आवरेना म्हणून दबक्या आवाजात, “देवी बी म्हनत असंल, बाबा, आदी नाक शिंकर.”

दोघे हसली. तिथे मुद्रण संपले.

लांब संभाषणाचे पेटी तुकडे करत असे. पहिला तुकडा सर्व्हरवर पोचला की दुसरा जायचा, आणि आमच्या मंद जोडणीवर त्याला तास लागत. त्या दुपारी मध्येच वीज गेली. माझा संगणक बॅटरीवर चालू राहिला, पेटी बंद पडली. पडद्यावर त्या नोंदीपुढे स्पष्ट लिहिलेले होते — पुढील भाग प्रलंबित. मी ते वाचले. न वाचल्याचे ढोंग मला करता येणार नाही. हाती आहे ते अर्धे आहे, हे मला माहीत होते. अर्ध्या ऋचेचा अर्थ लावू नये, हे मी आयुष्यभर कोणाकोणाला बजावले आहे? बाहेर मंडपात आबा बसले होते. मी उठून बाहेर गेलो.

त्यांनी विचारले, “पोरगं कधी येईल, गुरुजी?”

मी डोळे मिटले.

“आबा, तो आता येणार नाही. पाण्याच्या काठी चूल मांडतो आहे. तुमच्यापासून लपवून.”

तळहातावरची तंबाखू खाली पडली. ती त्यांनी देवीच्या दारातून एकेक कण करून वेचली, धोतराच्या सोग्यात बांधली. मग म्हणाले, “देवीला दिसलं म्हंजी खरंच असंल.” उठताना त्यांनी मला नमस्कार केला.

मी हे का केले? लौकिकाच्या मोहाने, असे मी स्वतःला सांगत आलो. त्या उत्तरात थोडा मोठेपणा आहे. मोह ऋषींनाही झाले. पण ते खरे नाही. मला ते नाक टोचले होते. माझ्या स्तोत्राला दोन ऊसतोड कामगार हसले, ते माझ्यासमोर नव्हे, माझ्या चोरट्या कानासमोर हसले, आणि मी ते तीन-चारदा मागे नेऊन ऐकले. प्रत्येक वेळी मी अधिक तापलो. बाहेर गेलो तो तापलेलाच. ज्या दाराला कान लावला त्याच दारामागे माझी थट्टा निघाली, आणि त्याचा सूड मी कोणावर घेतला? ज्याने ती थट्टा ऐकलीही नव्हती, त्या म्हाताऱ्यावर. संध्या करणारा, सोवळे नेसणारा, दोन वेळा स्नान करणारा मी असा इतका क्षुद्र निघालो. गटार निदान पावसाने वाहून जाते.

दुसऱ्या दिवशी वीज आली. दुसरा तुकडा सर्व्हरवर आला. तो असा होता.

“पर आबांचं काय?” मंदा विचारत होती. “एकलं म्हातारं मानूस.”

“येडी का तू? आबाला सोडून चूल मांडतोय व्हय मी? खोलीवर पत्रं पडलं की पाडव्याला जाऊन उचलूनच आनतो. फोनवर सांगितलं तर म्हनतील, मी न्हाई येत, गावातच मरंन. समोर जाऊन पाय धरलं की न्हाई म्हननार न्हाईत.”

“मग त्यांची बाज दारापाशी टाकू. नदीचा वारा लागंल. आन् बाहेर माती हाय, खुशाल थुका म्हनावं. देवळात थुकता येत न्हाई म्हनून नुसतीच मळत बसत्यात बिचारं.”

मग माझाच आवाज — गुरुवार चांगला आहे.

मी यंत्र कानावरून काढले. उठून मंडपात जायचे आणि सांगायचे, एवढेच करायचे होते. ‘आबा, मी अर्धे ऐकले होते.’ पण हे वाक्य पुरे होत नाही. आबा विचारणार — ऐकलं? कुठं ऐकलं? आणि त्या एका प्रश्नामागे ती जामखेडची बाई, तिच्यासारख्या आणखी कितीतरी, ते मिटलेले डोळे, तो गोड भात, सगळे ओळीने उभे राहिले. मी हात धुतले. पुन्हा धुतले. आणि पूजेला लागलो.

आबांनी त्या आठवड्यात घराला कुलूप लावले आणि ते धर्मशाळेत राहायला आले. मुलाचा फोन आला की उठून जात. “आता देवीच मला मुलगी, तीच मुलगा,” असे म्हणत. मंडप झाडू लागले. माझ्या संध्येचे पाणी भरून ठेवू लागले. पाडव्याला अजून पुष्कळ आठवडे होते. त्यातला कोणताही दिवस मला पुरला असता.

पाडव्याला गहिनीनाथ आणि मंदा आली. टेम्पो वेशीपाशी उभा केलेला. आबांची बाज न्यायची म्हणून मागे जागा मोकळी ठेवलेली. आबा खांबाकडे तोंड करून बसले.

“आबा, तुमाला न्यायलाच आलोय की,” गहिनीनाथ त्यांच्या पाठीशी बोलत होता.

“आता आलाय. मला कळल्याव.”

“कुनी सांगितलं तुमाला?”

“देवीनं सांगितलं. गुरुजींच्या तोंडून. बापापासून लपवलंस, तिच्यापासून कुठं लपवशील? जा, पान्याच्या काठी सुखात ऱ्हावा. माझं हितं भागतंय.”

गहिनीनाथ माझ्याकडे वळला. त्याच्या डोळ्यांत राग नव्हता, आशा होती. “गुरुजी, तुमीच सांगा की त्यास्नी. तुमचं ऐकत्याल.”

मी काही बोलण्याआधी मंदा पुढे झाली. डोक्यावरचा पदर नीट करून तिने अगदी साधेपणाने विचारले, “गुरुजी, आमी हे कुनालाच सांगितलं नव्हतं. तुमाला कसं कळलं? आन् कळलं तर अर्धंच कसं कळलं?”

आबांनी प्रथमच मान वळवली. अंग तसेच खांबाकडे, पण चेहरा माझ्याकडे. इतका मोकळा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. एक शब्द, आणि ते उठले असते. टेम्पोत बसले असते.

मी म्हणालो, “देवी जेवढे दाखवते, तेवढेच मला दिसते.”

इतका काळ मी खोटे बोललो नव्हतो, या टेकूवर उभा होतो. तोही त्या वाक्याने गेला. माझ्या कानाचे पाप मी तिच्या डोळ्यांवर ढकलले — जिचे मुख मी रोज पहाटे ओल्या वस्त्राने पुसतो, तिच्यावर. आबांनी चेहरा पुन्हा खांबाकडे वळवला. “ऐकलं?” ते म्हणाले. “जा आता.”

मंदा माझ्याकडे पाहत राहिली. तिला कळले, असे मला वाटते. कसे कळले ते नाही. पण मी कोण आहे, ते. तिने नमस्कार केला नाही. आजवर मला भेटलेली ती एकच बाई, जिने जाताना नमस्कार केला नाही.

त्याच दुपारी मी खोलीत जाऊन दोन्ही तुकडे पुसून टाकले. त्यासाठी ते नाव पुन्हा एकदा टंकावे लागले. पडद्याने विचारले, नक्की पुसायचे का? मी हो म्हटले. आबांच्या मुला-सुनेच्या तोंडचे ते शब्द, ती दारापाशी टाकायची बाज, तो नदीचा वारा, थुंकायला मोकळी माती — हे जगात दुसरीकडे कुठेही नव्हते, आणि मी ते नाहीसे केले. पुढे ध्वनिमुद्रण बंद करवले. ते माझ्या बाजूने मोजू नका, भीतीने केले. मी आता कमी सांगतो, तर गुरुजी अधिकच अंतर्मुख झाले, असे लोक म्हणतात.

गहिनीनाथ अजून फोन करतो. मी घेतो, आबांना निरोप देतो, आबा मान हलवतात. तोवर तो होल्डवर असतो आणि माझे स्तोत्र त्याच्या कानात चालू असते. परत फोन हातात घेतो तेव्हा पलीकडे कोणी हसत नसते.

हे लिहितो आहे तेव्हा आबा बाहेर मंडप झाडत आहेत. झाडूचा आवाज मला या खोलीत ऐकू येतो. थोड्या वेळाने ते आचमनाचे पाणी आणून दारात ठेवतील, आणि मला लिहिताना पाहून दाराशीच हात जोडतील. गुरुजी काही धर्माचे लिहीत आहेत, असे त्यांना वाटेल. मी हे त्यांना सांगू शकलो असतो. आत्ताही हाक मारली तर ते येतील. मी तुम्हाला सांगितले. आबांना वाचता येत नाही. लिहायला बसलो तेव्हा मला हे ठाऊक होते.